सातारा-सांगलीचा नकाशा कसा घडत गेला

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा नकाशा समोर घेतला, तर पश्चिमेकडची हद्द कोणाला समजावून सांगावी लागत नाही, कारण तिथे सह्याद्री उभा आहे. बाकीच्या रेघांचे मात्र तसे नाही. माणदेशाचा मुलूख, पाऊस आणि बोली एकच असताना माण तालुका साताऱ्यात, आटपाडी सांगलीत आणि सांगोला सोलापुरात का गेला? कराडचे रेल्वे स्थानक गावापासून लांब ओगलेवाडीला का आहे? सांगली संस्थानाच्या ताब्यात असलेले शिरहट्टी आणि तेरदाळ आज कर्नाटकात कसे? डोंगर आणि नद्या कितीही न्याहाळल्या तरी या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. आज दिसणारी जमीन, गावे, रस्ते, पिके आणि हद्दी कोणाच्या निर्णयाने व कोणत्या काळात अशा झाल्या, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासाला ऐतिहासिक भूगोल म्हणतात.

या घडणीत दोन शक्ती सतत काम करत असतात. राज्य कोणी करावे, कशासाठी करावे आणि प्रजेचा त्यात वाटा किती, याविषयी सत्ताधाऱ्यांच्या मनात जो विचार असतो, ती पहिली शक्ती. आणि धान्य, पैसा, मजूर व माल यांच्या येण्याजाण्याच्या वाटा बदलणे, ही दुसरी. माझ्या मते हद्दीची रेघ बहुतेक वेळा विचाराने ओढली जाते, पण त्या रेघेच्या आजूबाजूला वस्ती वाढते की ओसरते, हे अर्थकारण ठरवते. कधीकधी हा क्रम उलटाही होतो. भारतासारख्या मोठ्या देशाचा भूगोल असाच तुकड्यातुकड्याने घडला, आणि कृष्णाकाठचा आपला मुलूख त्याचे चांगले उदाहरण आहे, कारण देशात आलेली जवळजवळ प्रत्येक मोठी राजकीय कल्पना इथे येऊन आपला ठसा उमटवून गेली.

सुरुवात सातारा शहरापासून करू. मोगलांच्या कैदेतून १७०७ मध्ये सुटलेल्या शाहू महाराजांनी १७०८ मध्ये साताऱ्यास राज्याभिषेक करून घेतला आणि पुढे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पेठा वसवल्या. राजधानी गडावरून पायथ्याला उतरणे ही राज्याच्या बदललेल्या स्वरूपाची खूण होती. गडाच्या आश्रयाने लढणाऱ्या राज्याच्या जागी आता सरदारांना सनदा देऊन दूरवरचा मुलूख चालवणारे राज्य उभे राहत होते, आणि अशा राज्याला तटबंदीपेक्षा दफ्तर, सावकार व बाजारपेठ यांची गरज अधिक असते. शाहू महाराज १७४९ मध्ये वारले आणि कारभार पुण्याला गेला. गादी साताऱ्यास राहिली, वसूल मात्र पुण्याकडे वाहू लागला. पुण्याच्या पेठा फुगत गेल्या आणि साताऱ्याची वाढ खुंटली. राजधानीचा मान असलेले गाव आणि पैसा जमा होणारे गाव वेगळे झाले की पुढच्या पिढ्यांचा भूगोल पैशाच्या बाजूने झुकतो, हे इथे स्पष्ट दिसते.

पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी या मुलखाशी जे केले, ते विचारसरणी आणि भूगोल यांचे नाते समजून घेण्यासाठी फार उपयोगी आहे. १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना सातारचे राज्य देण्यात आले. त्याच्या पश्चिमेस सह्याद्री, उत्तरेस नीरा व भीमा, दक्षिणेस वारणा व कृष्णा आणि पूर्वेस निजामाच्या मुलखाची सरहद्द होती. यामागे इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनच्या पिढीतील अधिकाऱ्यांचा विचार होता की जुनी घराणी आणि जुनी व्यवस्था शक्यतो मोडू नये, म्हणजे प्रजा शांत राहते आणि पेशव्यांपासून मराठा सरदार वेगळे करता येतात. तीसच वर्षांत हा विचार मागे पडला. प्रतापसिंहांना १८३९ मध्ये पदच्युत करण्यात आले, त्यांचे बंधू शहाजी १८४८ मध्ये वारले, आणि दत्तक वारस नामंजूर करून गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. कंपनीचा थेट कारभार हाच प्रजेच्या हिताचा आणि खजिन्याच्याही फायद्याचा, अशी त्याची ठाम समजूत होती. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी खालसा धोरणाला विरोध केला होता, म्हणजे त्या वेळी दोन्ही विचार सरकारातच एकमेकांसमोर उभे होते. तोच प्रदेश, त्याच नद्या आणि तेच लोक असताना, तीस वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन कल्पनांनी एकदा राज्य निर्माण केले आणि एकदा पुसून टाकले.

खालसा मुलखाभोवती संस्थानांचे तुकडे मात्र शिल्लक राहिले. फलटण, औंध, जत, सांगली, मिरज ही संस्थाने सलग नव्हती. औंधच्या ७२ गावांपैकी काही औंधजवळ, काही कुंडलला, काही आटपाडीला आणि काही थेट विजापूरच्या बाजूला होती. असा विस्कळीत आकार का, याचे उत्तर पेशवाईच्या हिशेबात आहे. सरदाराला सरंजाम दिला जाई तो फौज बाळगण्याच्या खर्चासाठी, आणि त्यासाठी अमुक गावांचा वसूल तोडून दिला की काम भागे. ती गावे एकमेकांना लागून असावीत अशी गरज नव्हती. चिंतामणराव पटवर्धन १८०१ मध्ये मिरजेच्या काकांपासून वेगळे होऊन सांगलीस आले, तेव्हा वाटणीत आलेला मुलूख असाच कृष्णेपासून धारवाडपर्यंत विखुरलेला होता. इंग्रजांनी या सरदारांशी तह केले आणि जी वसुलीची तजवीज होती, तिची पक्की सरहद्द झाली. आज आपण ज्या हद्दींना परंपरेने चालत आलेल्या समजतो, त्यांपैकी कितीतरी अशा कोण्या कारकुनाच्या ताळेबंदातून निघालेल्या आहेत.

यानंतर आला दुष्काळ, आणि त्याच्या पाठोपाठ रेल्वे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसे दगावली. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, बाजारच धान्य पोहोचवील, या तत्त्वाला चिकटून राहिल्याने हानी वाढली, हे या काळाचा अभ्यास करणाऱ्या अनेकांनी दाखवून दिले आहे. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाने धान्य हलवण्यासाठी लोहमार्ग वाढवण्याची शिफारस केली, आणि सदर्न मराठा रेल्वेची पुणे-मिरज-बेळगाव ही मीटरगेज वाट १८८० च्या दशकात त्याच धोरणातून झाली. हा मार्ग लोणंद, वाठार, कोरेगाव असा पूर्वेकडून गेला आणि सातारा शहर बाजूला पडले. वाठार हे वाई-महाबळेश्वरला जाणाऱ्यांचे उतरण्याचे ठिकाण झाले, तर ‘सातारा रोड’ हे स्थानक साताऱ्यापासून बरेच दूर, कोरेगावच्या बाजूला होते. मिरजेचे नशीब याच मार्गाने पालटले. बेळगाव, कोल्हापूर आणि पुढे पंढरपूरच्या वाटा तिथे एकत्र आल्या. तिथे १८९४ मध्ये सुरू झालेल्या मिशन हॉस्पिटलात दूरदूरचे रोगी येऊ शकले, त्यात या जंक्शनचा वाटा मोठा आहे. राजधानी असलेले गाव मागे आणि फाटा असलेले गाव पुढे, हा बदल कोणत्याही लढाईने केलेला नाही.

रेल्वे आणि संस्थानी हद्द एकमेकींना भेटल्या की काय होते, ते पाहायचे असेल तर किर्लोस्करवाडीला जावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची निवडुंगाने भरलेली ३२ एकर माळजमीन त्यांना दिली, आणि १९१० मध्ये तिथे लोखंडी नांगराचा कारखाना व कामगारांची वसाहत उभी राहिली. स्वदेशीचा विचार त्या काळी देशभर होता, पण इंग्रजी मुलखात जमीन मिळवायला कचेऱ्यांच्या अनेक पायऱ्या चढाव्या लागत. छोट्या संस्थानात एका माणसाच्या मनाने घेतले की जमीन हाती येत असे. शिवाय ती माळजमीन रुळाला लागून होती, म्हणजे लोखंड आणि कोळसा येण्याची व नांगर जाण्याची सोय दारातच होती. पुढे त्या स्थानकाचे नावच किर्लोस्करवाडी झाले. कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला तो याच काळात आणि रुळाच्याच कडेला, म्हणूनच कराडचे स्थानक असलेल्या त्या जागेला ओगलेवाडी हे नाव मिळाले. उद्योगाने वस्ती वसवली आणि वस्तीने नाव घेतले. नदीकाठी, घाटाखाली किंवा देवस्थानाभोवती गाव वसण्याची जुनी रीत इथे लागू पडत नाही.

याच औंधमध्ये १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने ग्रामपंचायतींवर आधारलेली स्वराज्याची घटना लागू झाली आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे एक मोठे केंद्र कुंडल होते, हाही योगायोग नव्हे. इंग्रजी हद्द आणि संस्थानी हद्द हाकेच्या अंतरावर आलटून पालटून येत असल्यामुळे भूमिगतांना एका अंमलाखालून दुसऱ्या अंमलाखाली सरकणे सोपे जात असे. सरंजामी हिशेबातून जन्मलेला विस्कळीत नकाशा दीडशे वर्षांनी स्वातंत्र्यलढ्याच्या उपयोगी पडला.

स्वातंत्र्यानंतर तो नकाशा पुसला गेला. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, १९४९ मध्ये मोठ्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे भाग झाले, आणि नोव्हेंबर १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. आटपाडीची गावे या वाटणीत सांगलीकडे आली, म्हणून माणदेश दुभंगला. दरम्यान भाषावार प्रांतरचनेच्या तत्त्वाने १९५६ मध्ये सांगली संस्थानाचा दक्षिणेकडचा मुलूख, शिरहट्टी आणि तेरदाळसह, म्हैसूर राज्यात गेला. एकभाषिक राज्य ही कल्पना लोकशाहीच्या दृष्टीने योग्यच होती, कारण लोकांना कळणाऱ्या भाषेत कारभार चालणे ही लोकशाहीची किमान अट आहे. पण सीमेवरच्या गावात दोन्ही भाषा एकाच घरात नांदत असतात, आणि तिथे कोणतीही रेघ कोणावर तरी अन्याय केल्याशिवाय ओढता येत नाही.

हद्दी ठरल्यावर जमीन बदलली. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले, आणि त्याच दशकात सहकारी साखर कारखान्यांची लाट आली. सांगलीत वसंतदादा पाटलांनी, वाळव्यात राजारामबापू पाटलांनी आणि कराड भागात यशवंतराव मोहित्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली सहकाराची घडी हा केवळ धंदा नव्हता. भांडवल शेतकऱ्यांच्या भागांचे, हमी सरकारची आणि परवाना दिल्लीचा, अशी ती नेहरूकालीन मिश्र अर्थव्यवस्थेची खास रचना होती. तिने कृष्णाकाठचे दृश्यच पालटून टाकले. जिथे ज्वारी आणि भुईमूग होता तिथे उपसा जलसिंचनाच्या पाइपलाइनी गेल्या आणि नजर जाईल तिथवर ऊस उभा राहिला. कारखान्याभोवती कॉलेज, दवाखाना, पतसंस्था आणि दूध संघ आले, आणि कालपर्यंत खेडे असलेल्या गावाला शहराची कळा आली. कारखान्याचे कार्यक्षेत्र ही तहसीलच्या हद्दीपेक्षाही जिवंत सीमा ठरली, कारण आपला ऊस कोण नेणार आणि कधी नेणार यावर घरातल्या लग्नाची तारीखसुद्धा अवलंबून असे. आजही दोन कारखान्यांमध्ये किमान हवाई अंतर किती असावे हे सरकार ठरवते. केंद्राच्या आदेशात ते १५ किलोमीटर आहे आणि महाराष्ट्राने ते २५ किलोमीटर केले. कागदावरच्या एका आकड्याने शिवाराचे वाटप कसे होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

सहकाराविषयी मला आदर आहे, परंतु त्याने केलेली वाटणीही सांगितली पाहिजे. नदीपासून पाइपलाइन जिथवर परवडली तिथवर समृद्धी गेली आणि त्यापुढे थांबली. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण-आटपाडीत पाचशेच्या आसपास. निसर्गाने केलेला हा फरक जुनाच होता, पण उसाच्या पैशाने तो सामाजिक फरक केला. कोयना धरणाचेही तसेच. ज्यांची गावे धरणाच्या शिवसागर जलाशयात बुडाली त्या जावळी-पाटणच्या लोकांना राष्ट्राच्या विकासासाठी जमीन सोडायला सांगितली गेली, त्यांपैकी अनेकांच्या पुनर्वसनाचे प्रश्न आजही सुटलेले नाहीत, आणि धरणाचे मोठे पाणी वीज करून पश्चिमेला कोकणात उतरते. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने त्यासाठी ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा मान्य केली. देशाला त्या वेळी विजेची गरज होती यात शंका नाही. तरीही पूर्वेकडे तहानलेला माणदेश असताना पाणी पश्चिमेला वळवण्याचा निर्णय हा निसर्गाचा नसून प्राधान्यक्रमाचा होता, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आता तो उलटा क्रम, ज्यात आधी अर्थकारण कोसळले आणि मग विचार जन्माला आला. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतील माणसे कित्येक दशके मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत राबत होती. विटा-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक तर सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभरच्या गावांत पांगले. गावात शेती, गावाबाहेर पगार, अशी ही तोल सांभाळणारी रचना होती. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला, तो लांबला, आणि हजारो कामगार गावी परतले. खानापूर तालुक्यात परतलेल्या अशा कामगारांतूनच मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. दुष्काळी कामावर खडी फोडण्याऐवजी दुष्काळच का हटू नये, हा त्यांचा प्रश्न होता. येरळा नदीतून वाळू बेसुमार उपसली जात होती आणि तिच्यासोबत विहिरींचे पाणी खाली जात होते. तेव्हा बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठरवले की मर्यादित वाळू गावाने विकावी आणि त्या पैशातून नदीवर स्वतःचा बंधारा बांधावा. सरकारशी झगडून १९८० च्या दशकाच्या अखेरीस बळीराजा धरण उभे राहिले.

त्या बंधाऱ्याच्या भिंतीपेक्षा त्यामागचा नियम मला जास्त मोलाचा वाटतो. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरवता माणसांवर ठरवायचा आणि भूमिहीनालाही तो द्यायचा, असे तिथे ठरले. कालवा ज्याच्या शेताजवळून जातो त्याचे पाणी, हे शंभर वर्षांचे गृहीतक त्या नियमाने नाकारले. पुढे नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या आणि समन्यायी पाणीवाटपाची मागणी दुष्काळी तालुक्यांतून एकमुखाने होऊ लागली. कृष्णेच्या पाण्यात महाराष्ट्राला मिळालेला ५६० टीएमसीचा वाटा अडवून दाखवण्याचे वेळेचे बंधन सरकारपुढे होतेच. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांची कामे पुढे सरकली. टेंभूजवळ उचललेले कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने चढत आटपाडीपर्यंत जाते, आणि ज्या माळावर मेंढरे आणि बाजरी होती तिथे आता डाळिंबाच्या व द्राक्षाच्या बागा दिसतात. चढावर पाणी नेणे म्हणजे वीज आली, आणि वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकारने व १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा, असे धोरण ठरवावे लागले. या टक्केवारीवर माणदेशाची हिरवाई उभी आहे.

१९९१ नंतरच्या खुल्या बाजाराने आणखी एक थर चढवला. चौपदरी झालेल्या पुणे-बेंगळुरू महामार्गाने शिरवळ-खंडाळा पट्टा कारखान्यांनी भरला, आणि शंभर वर्षांपूर्वी रेल्वेने ज्या वाठार-कोरेगावला महत्त्व दिले होते, ते रस्त्याने पुन्हा सातारा-कराडकडे आणले. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे होती. तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस अशा या जमिनीखालच्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. पेव उघडल्यावर माणूस उतरण्याआधी कंदील सोडून आतली हवा तपासत. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची घट्ट माती, संस्थानाने जोपासलेली पेठ आणि मिरजेचे जंक्शन या तिहींमुळे सांगली परप्रांतांतल्या हळदीचीही बाजारपेठ झाली होती. २००५ च्या महापुरात बरीचशी पेवे निकामी झाली, व्यापार शीतगृहांत गेला, आणि शीतगृहाला विशिष्ट माती लागत नाही. बाजार अजून सांगलीत आहे, तो आता मातीमुळे नसून व्यापाऱ्यांच्या जाळ्यामुळे आहे.

नकाशा अजूनही हलतो आहे. २०२५ मध्ये राज्य शासनाने इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. मला मात्र जतची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. डफळ्यांच्या या जुन्या संस्थानाच्या पूर्व भागात कन्नड बोलणारी गावे आहेत, पण भाषेच्या आधारावर त्यांनी वेगळे व्हायचे ठरवले होते असे नाही. म्हैसाळचे पाणी आपल्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून त्यांपैकी काही ग्रामपंचायतींनी २०१२ मध्ये कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याच ठरावांचा हवाला देत जत तालुक्यातील ४० गावांवर दावा सांगितला, आणि पाठोपाठ कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर उपसा योजनेचे पाणी सीमेपलीकडून जतच्या तिकोंडी तलावात आले. महाराष्ट्र शासनाने त्यानंतर म्हैसाळच्या विस्तारित योजनेच्या कामाला गती दिली.